मानेवरची रेघ

सप्टेंबर सरत आला की इथे जपानात, ग्योतोकुच्या आमच्या गल्लीत एका सकाळी एकदम वास येतो. आदल्या दिवशी त्याचा पत्ताही नसतो. झाड दिसत नाही, फूल दिसत नाही, आधी वासच येऊन उभा राहतो. पिकल्या जर्दाळूवर कुणी अत्तर सांडलं असावं तसा. स्टेशनकडे घाईने निघालेली माणसं पाऊल मंद करतात, नाक वर करतात आणि चक्क अनोळखी माणसाकडे बघून हसतात. किनमोकुसेई फुललं. तांदळाच्या कणीएवढी केशरी फुलं पानांखाली दाटीवाटीने बसलेली असतात. आठ-दहा दिवसांचा खेळ. मग एखादी सर येते आणि झाडाखाली केशरी रवा सांडल्यासारखा सडा पडतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सान ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या हसून सांगतात, त्यांच्या तरुणपणी घरोघरच्या संडासात याच वासाची वडी टांगलेली असायची, त्यामुळे त्यांना काही या फुलाचं कौतुक नाही.

मलाही नाही. ते आठ दिवस मी खिडक्या बंद ठेवते. माझ्या नवऱ्याला, प्रसादला, वाटतं मला ॲलर्जी आहे. मी त्याचा तो समज तसाच राहू दिला आहे.

यंदा आमची धाकटी, इरा, शाळेतून येताना मूठभर फुलं घेऊन आली. वाटीत पाणी घालून तिने ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि "ई निओइ!" म्हणाली, काय छान वास! ऑक्टोबरात ती आठ वर्षांची होईल. ती जन्मली त्या आठवड्यात क्लिनिकच्या दारात हेच झाड फुललेलं होतं. मी वाटी उचलली नाही. आपल्याच जन्माच्या वासाचा राग करायला पोरीला कसं शिकवायचं?

ते वर्ष मला असं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. जूनमधली न वाळणारी धुणी. ऑगस्टमध्ये सकाळी पाचलाच कानाशी सुरू होणारे सेमी, म्हणजे इथले रातकिडे, पण दिवसा ओरडणारे. घामाने चिकटलेला मॅटर्निटी ड्रेस. आणि माझ्या पोटाकडे बघून लिफ्टमध्ये, दुकानात, कचरा टाकायला गेल्यावर बायकांनी विचारलेला तो एकच शब्द, "दोच्ची?" कोणतं? मुलगा की मुलगी? मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "ओतानोशिमि." हा शब्द मला मोरिता-साननीच शिकवला. पुढे मिळणार असलेला आनंद, जपून ठेवलेला. बायका "आराऽ" म्हणून कौतुकाने माना हलवायच्या. आजच्या काळात कोण इतका धीर धरतं!

सरप्राइज ठेवायची कल्पना माझी होती. प्रसाद तेव्हा रोज इथून कावासाकीला एका आयटी कंपनीत जायचा, सकाळी सातला निघायचा. आमची थोरली, सानिका, सहा वर्षांची, नुकतीच इथल्या शाळेत पहिलीला लागलेली. एकदा जेवताना मी म्हटलं, "आपण विचारायचंच नाही. इथे सांगतात, तरी नाही विचारायचं." प्रसादला ते फार आवडलं. "पुण्यात काय, कुणालाच कळत नाही. इथे कळू शकत असून न विचारणं, हे खरं सरप्राइज," तो म्हणाला.

पुण्यात सोनोग्राफीच्या खोलीत भिंतीवर पाटी असते. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. सानिकाच्या वेळी मी ती पाटी पाठ होईपर्यंत वाचली होती, पोटावर गार जेल घेऊन, पडल्या पडल्या. बाहेर बाकावर माझ्या सासूबाई बसलेल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. मी बाहेर आल्यावर त्यांनी मला न विचारता दारातल्या मावशींना विचारलं, "सगळं चांगलं आहे ना?" त्या 'चांगलं'वर जरासा जोर होता. मावशींनी पाटीकडे बोट दाखवलं.

सानिका झाली तेव्हा त्या हॉस्पिटलात आल्या, बाळाकडे बघितलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे. पुढच्या वेळी."

त्या रागाने बोलल्या असत्या तर मी विसरले असते. त्या माझं सांत्वन करत होत्या. डोळ्यांत खरी माया होती. टाके दुखत होते, दूध येत नव्हतं, आणि ही बाई माझ्या पहिल्या मुलीबद्दल माझं समाधान करत होती. मी त्या वेळी हसले. त्या हसण्याचा हिशेब मी सहा वर्षं बाळगला.

जूनमध्ये तपासणीला मी एकटीच गेले होते. प्रसादला काहीतरी रिलीज होता. आमचे डॉक्टर वयस्क, हळू बोलणारे. पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं. त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, बाळ काय आहे ते सांगू का, की ठेवायचं गुपित? त्या प्रश्नासाठी माझं उत्तर तयार होतं. घरी ठरलेलं होतं. तरी मी म्हटलं, "सांगा."

"ओन्ना-नो-को देस् ने," ते म्हणाले. मुलगी आहे बरं का.

पहिला विचार आनंदाचा होता, हे मी शपथेवर सांगते. सानूला बहीण. दोघींची भांडणं, दोघींची सारखी झबली. दुसरा विचार यायला क्लिनिकच्या छत्रीच्या स्टँडपर्यंत चालावं लागलं, तेवढाच वेळ. सासूबाई ऑगस्टमध्ये येणार होत्या, बाळंतपणासाठी, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. मी छत्री उघडली आणि ठरवलं की कुणालाच सांगायचं नाही. प्रसादलाही नाही, त्याचा चेहरा आईसमोर काचेसारखा आहे.

त्या संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "झाली का तपासणी? काय म्हणाले?"

"सगळं नीट आहे. आम्ही विचारलंच नाही, आई. सरप्राइज."

"बरं केलंत. मला विचारायची गरजच नाही. मी देवीला बोललेय. या वेळी मनासारखं होणार."

"तुम्ही म्हणता तर होणारच," मी म्हटलं. इतकं सोपं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या. दोन बॅगा. एकीत डिंकाचे, मेथीचे लाडू, बाळंतशोपा, ओवा, जुन्या मऊ साड्यांची धुऊन घडी केलेली दुपटी. दुसरीत त्यांचे चार कपडे. तेव्हा त्या बहात्तरीला टेकल्या होत्या, गुडघे दुखायचे, पण दुसऱ्या दिवसापासून घर त्यांनी हातात घेतलं. प्लॅस्टिक कोणत्या दिवशी, जळणारा कचरा कोणत्या दिवशी, हे त्यांनी चार दिवसांत पाठ केलं. मला वाकू दिलं नाही. संध्याकाळी माझ्या सुजलेल्या पायांना तेल लावायच्या. आणि बाळाला 'तो' म्हणायच्या.

मराठीत पोटातल्या बाळाला सोय आहे: ते. ते हलतंय, ते झोपलंय. जपानीत तर प्रश्नच नाही, बाळ म्हणजे 'आका-चान', त्याला ना तो, ना ती. सानिका दिवसभर 'आका-चान' म्हणत हिंडायची. मी 'ते' म्हणायची. आई म्हणायच्या, "आज तो फार गप्प आहे गं. लाथ मारली का त्याने?" आणि मी सांगायची, "हो, आत्ताच मारली." त्या पोटावर हात ठेवून डोळे मिटायच्या. मी त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहायची. मांजर भिंतीवरच्या पालीकडे बघतं ना, घाई न करता, तसं.

मला गोड खावंसं वाटायचं, वेड्यासारखं. त्यांनी विचारलं, डोहाळे कसले लागलेत? मला ठाऊक होतं, त्यांच्या हिशेबात गोड म्हणजे मुलगी. मी म्हटलं, "गोड बघवतसुद्धा नाही, आई. काहीतरी आंबट, खारट हवं." त्या आनंदल्या. मी त्यांच्यासमोर उमेबोशी खायची, खारवलेली आंबट फळं, एकेक, तोंड वाकडं न करता. आणि दुपारी फिरायला जाते म्हणून बाहेर पडून स्टेशनशेजारच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, पुडिंगचे दोन कप घ्यायची आणि बाकावर बसून प्लॅस्टिकच्या चमच्याने खरवडून खायची. जिन्याच्या पायरीवर मी आधी कोणता पाय टाकते, तेही त्या बघायच्या. उजवा म्हणजे मुलगा. गरोदर बाईने किती जपून चालावं, याचं मी एक उदाहरण झाले होते. दर पायरीला थांबून उजवा पाय उचलायची.

डोहाळजेवण आमच्याच घरी केलं. इथल्या चार मराठी मैत्रिणी आल्या, फुलांचे दागिने त्यांनी शंभर येनच्या दुकानातल्या कापडी फुलांचे केले. पेढे आणि बर्फी आईंनी दूधपावडरीची स्वतः केली. दोन झाकलेल्या वाट्या माझ्यापुढे आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. डाव्या वाटीचा काठ जरासा चेपलेला होता, आणि सकाळी त्याच वाटीत पेढा ठेवताना मी त्यांना बघितलं होतं. मी डोळे मिटले, हात दोन्ही वाट्यांवरून फिरवला, उगीच थोडा वेळ लावला आणि चेपलेल्या काठाच्या वाटीवरचं झाकण काढलं. "पेढाऽ!" बायका टाळ्या वाजवत ओरडल्या. आईंनी पदर डोळ्यांना लावला. सानिका त्यांच्या गुडघ्याला बिलगून उड्या मारत होती. पेढा उत्तम झाला होता. वेलदोडा घातलेला. मी दोन खाल्ले.

एका संध्याकाळी पायांना तेल लावता लावता त्या आपणहून बोलायला लागल्या. प्रसादच्या मोठ्या बहिणीच्या वेळी त्यांच्या सासूने त्यांना मागच्या खोलीत ठेवलं होतं. जेवणात तूप नाही. "मला वाढणाऱ्या बाईलाच ताकीद होती. तूप मला प्रसादच्या वेळी मिळालं, पहिल्यांदा. तीन दिवस नुसतं तूप-भात खात होते मी, रडत होते आणि खात होते." तेलाचा हात थांबला होता. मी त्यांच्या पांढऱ्या भांगाकडे बघत होते. शब्द अगदी ओठांवर आला होता. आई, मुलगी आहे.

मग त्या म्हणाल्या, "म्हणून मला वाटतं गं, तुझ्यावर ती वेळ नको. तुझ्यासाठीच मागते मी मुलगा."

माझ्यासाठी! माझ्या घरात तूप कोण अडवणार होतं? मी पाय जवळ ओढून घेतले आणि म्हटलं, "पुरे आता, आई. बोटं दुखतील तुमची."

सप्टेंबर लागला, शाळा सुरू झाली. सानिका दुपारी अडीचला यायची, पाठीवर तिच्यापेक्षा मोठं लाल दप्तर. आजी तिला पुढ्यात घेऊन केसांना तेल लावायची आणि दोन वेण्या घालायची. एकदा वेणी घालताना आजीचा हात थांबला. त्यांनी सानूची मान पुढे वाकवली आणि मला हाक मारली. "बघ गं. हिच्या मानेवर केसांचं टोक आलंय. माझी आजी सांगायची, पोरीच्या मानेवर केसांची सरळ रेघ असली की पाठीवर भाऊ येतो. टोक असलं की पुन्हा बहीण."

"अय्या," मी म्हटलं. "आता हो?"

"काही नाही. देवीला बोललेय मी." पण त्यांच्या कपाळावर आठी होती. सानूची हनुवटी धरून त्या गमतीने म्हणाल्या, "तुझ्या मानेवर आहे बघ बाई सगळं!"

सानू हसली नाही. तिने हात मागे नेऊन मान चाचपली. त्यानंतर आठवडाभर मी तिला बघत होते. आंघोळीच्या आधी दोन आरसे घेऊन उभी राहायची, एक पुढे, एक मागे. मला ते कळत होतं. मी आई होते तिची, मला कळणार नाही? मी स्वतःला सांगत होते, अजून महिनाभर. बाळ बघताना आईंचा होईल त्या चेहऱ्यासाठी फक्त एक महिना.

मग एका दुपारी आजी आडवी झालेली, मी स्वयंपाकघरात. सानू बाथरूममधून बाहेर आली. हातात आजीची झबली बेतायची मोठी कात्री. ती सरळ आजीच्या अंथरुणापाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"आजी, आता सरळ झालं?"

मानेमागचे केस मुळापासून कापले होते, वेडेवाकडे, आणि त्यांच्या खाली एक चीर पडली होती. रक्ताची धार कॉलरच्या आत उतरत होती. तिला ते जाणवलंही नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती.

आजीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. गुडघे विसरून त्या उठल्या, पदराने जखम दाबून धरली. आम्ही टॅक्सीने गेलो. दोन टाके पडले. डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे नीट बघून सानूला विचारलं, हे कुणी केलं? "जिबुन दे," सानू म्हणाली. मी स्वतःच. त्या बाईंनी ते लिहून घेतलं.

घरी आल्यावर आजीने तिला मांडीवर घेतलं. एवढ्या मोठ्या मुलीला, दुखऱ्या मांडीवर. "असलं काही नसतं गं राणी. मी मूर्ख बाई, चेष्टा केली. केसांवर काही नसतं. भाऊ येवो, बहीण येवो, तू माझी पहिली आहेस. ऐकलंस ना?" त्यांचे अश्रू सानूच्या केसांत पडत होते. सानूने हळूच अंग सैल सोडलं. तिने विश्वास ठेवला होता. ते तिथे संपलं असतं.

मी दारात उभी होते. मी म्हटलं, "पण आई, टाके घालताना त्यांनी खालचे केस काढलेत. आता अगदी सरळ रेघ दिसतेय. बघा तरी."

त्यांना बघायचं नव्हतं. पण नजर गेली. क्षणभरच, पट्टीच्या कडेला, आणि त्या क्षणात त्यांच्या चेहऱ्यावर एक आशा हलून गेली. सानूने मान वळवून तो चेहरा बघितला.

मी हे का केलं, असं मला कुणी विचारलं तर मी आठ वर्षांत बरीच उत्तरं तयार केली आहेत. दिवस भरत आलेले, झोप नाही, शरीर आपलं नाही. सगळी खरी आहेत. तरी त्या दारात उभी असताना मी दमलेली नव्हते, हेही खरं आहे. मला मजा वाटत होती.

इरा झाली ती ऑक्टोबरातल्या एका दुपारी. प्रसाद माझ्या उशाशी होता. नर्स म्हणाली, मुलगी, आणि तो हसत रडायला लागला. "दोन मुली! अश्विनी, दोन मुली!" मीही हसले, आश्चर्य वाटल्यासारखं. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत तो आईला आणि सानूला घेऊन येणार होता. फोनवर त्याने काही सांगितलं नव्हतं. सरप्राइज समोरासमोरच द्यायचं, असं मीच त्याला बजावलं होतं. मी केस विंचरून घेतले. उशीला टेकून ताठ बसले. खिडकी उघडी होती आणि तो वास आत येत होता. चार महिने मी जपून ठेवलेली ओतानोशिमि.

आई आत आल्या. बाळाजवळ वाकल्या. प्रसाद म्हणाला, "आई, नात!"

चेहरा पडला. मला हवा होता तसाच, हळूहळू, आधी डोळे आणि मग गाल. मग त्यांनी तो सावरला. फार कष्टाने सावरला, मी बघत होते. बाळाच्या कपाळाला बोट लावून त्या म्हणाल्या, "लक्ष्मी आली."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे, आई. पुढच्या वेळी."

त्यांना त्या शब्दांची ओळख पटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जिंकले होते. साधारण दोन श्वासांएवढा वेळ.

सानू दाराशीच उभी होती. एक हात मानेमागे, पट्टीच्या जागी. ती बाळाकडे आली नाही. आजीजवळ गेली, पदर धरला आणि म्हणाली, "आजी, गोमेन ने."

गोमेन म्हणजे माफ कर. आजीला जपानी येत नव्हतं, पण दोन महिन्यांत तेवढा शब्द त्यांना कळायला लागला होता.

व्हिसा संपला तशा त्या गेल्या. शेवटच्या दिवसापर्यंत मला शेक दिला, बाळाला न्हाऊ घातलं, लाडू संपवायला लावले. 'पुढच्या वेळी' हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. सानूने त्यानंतर कधी वेण्या घालू दिल्या नाहीत. केस मोकळे, मानेवर, उन्हाळ्यातही. इरा तीन महिन्यांची असताना मी प्रसादला सगळं सांगितलं. त्याने चमचा बशीत ठेवला. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. तिला सहन नाही होणार." सानूचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही.

परवा, इराच्या फुलांच्या वाटीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सातच्या सुमाराला सानिका जेवत होती. चौदा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, असं आमचं चालतं. शाळेत आरोग्याच्या तासाला त्यांना गर्भाची चित्रं दाखवली होती. पाचव्या महिन्यात बाळाचं लिंग समजू शकतं, असं शिकवलं. तिने भात उचलता उचलता विचारलं, इराच्या वेळी तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?

हो म्हणणं सोपं होतं. एक शब्द. ते का म्हटलं नाही, मला आजही माहीत नाही.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "जूनपासून."

ती चॉपस्टिक्स खाली ठेवून मोजत होती. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. "मी केस कापले तेव्हा?"

"हो."

"वाझातो?" मुद्दाम?

"हो."

मला वाटलं ती ओरडेल. ती नेहमीच्या आवाजात, मराठीत बोलली. "बाबांना?"

"माहीत आहे. नंतर सांगितलं."

"आजीला?"

"नाही."

तिने फोन उचलला, पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याच्या जगला टेकवून माझ्यासमोर उभा केला. "सांग."

आजी पडद्यावर आल्या, दुपारच्या चहाचा कप हातात, चष्मा कपाळावर. मी सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग एकेक विचारत गेल्या.

"पेढा उचललास तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"ते आंबट खाणं?"

"खोटं."

"आणि पोरीचं हे झालं तेव्हा?"

"हो, आई."

त्यांनी कप खाली ठेवला. "मला वाटत होतं, त्या पोरीला मी एकटीने चिरलं," त्या म्हणाल्या. "तुला काय म्हणावं, मला सुचत नाही." मग त्यांनी पडद्यावर माझ्या बाजूला काहीतरी शोधलं. "सानू आहे का तिथे? सानू, तुला सांगितलं नव्हतं मी. तिथून आल्यावर मी आंबा सोडला. देवापुढे हात जोडून सोडला, तुझ्यासाठी. सगळ्यांना सांगते, साखर आहे मला. साखरबिखर काही नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "आठ उन्हाळे झाले गं. आता खाऊ का मी?"

त्या खरंच विचारत होत्या. सानिका खुर्ची सरकवून उठली आणि फोन स्वतःकडे घेतला.

"खा, आजी."

"आत्ता कुठला आंबा? रस आहे बरणीत, पाहुण्यांसाठी ठेवलेला."

"मग तो खा. मी बघते."

फोन घेऊन ती खोलीत गेली. पुण्यात फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. इरा उठून दाराशी गेली, म्हणाली, "ओनेचान, मलाही बघायचंय," आणि ताईने तिला आत घेतलं. दार लागलं. थोड्या वेळाने आतून तिघींचं हसणं आलं, आजीचं सगळ्यांत मोठं.

सानूच्या पानातला भात गार झाला होता. मी तो बशीने झाकून ठेवला.